फेलूदा कुठून वाचायला घ्यावा? माझं मत : जटायू आल्यापासून!

राघूमैना

नमस्कार मंडळी. भाचीला (इयत्ता सातवी) सुट्टीत वाचायला विनोदी रहस्यकथा हवी आहे. अटी तिच्याच : "खून झाला तरी चालेल, पण हसायला आलं पाहिजे. आणि दोन मित्र हवेत. एकटा हुशार माणूस नको, तो बोअर करतो."

मी सत्यजित राय यांचा बंगाली गुप्तहेर फेलूदा काढून ठेवलाय. घरात वाद असा की सुरुवात कुठून करायची. तिचे वडील शिस्तीचे. १९६५ची दार्जिलिंगची पहिली गोष्ट, मग लखनौची अंगठी, मग गंगटोक, असं क्रमानेच वाचलं पाहिजे म्हणतात. मला हे पटत नाही. त्या गोष्टी चांगल्याच आहेत, पण त्यांत फेलूदा आणि त्याचा चुलतभाऊ तोपशे एवढेच आहेत. १९७१च्या 'सोनार केल्ला'त कानपूरला एक गृहस्थ त्यांच्या डब्यात चढतात. लालमोहन गांगुली, टोपणनाव जटायू, धंदा थरारक कादंबऱ्या लिहिणे. तिथून पुढे मालिकेचा रंगच पालटतो.

म्हणून मी तिला थेट १९७६ची 'बोम्बाइयेर बोम्बेटे' देणार आहे. जटायूंच्या कादंबरीवर मुंबईत हिंदी सिनेमा निघतोय, त्या आनंदात ते फेलूदा आणि तोपशेला घेऊन विमानाने मुंबईला येतात आणि पुढे जो गोंधळ होतो तो मुळातून वाचा. माझ्या मते ही दोन मित्रांची विनोदी कादंबरी आहे, रहस्य नुसतं निमित्ताला. तुम्ही कुठून सुरुवात केलीत? आणि केली असेल तशी पुन्हा कराल का?

चहाटळ

भाची एकदम बरोबर आहे. एकटा हुशार माणूस बोअरच करतो. आमच्या ऑफिसात एक आहे.

गरियाहाट_मुक्काम

नोकरीमुळे बरीच वर्षं कलकत्त्यात आहे, त्यामुळे या धाग्यावर बोलायचा हक्क बजावतो. :)

इथे फेलूदाबद्दल आदर आहे आणि जटायूंवर प्रेम आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कुणालाही विचारा, फेलूदाची वाक्यं आठवून आठवून सांगतील. जटायूंची नक्कल मात्र लगेच, हातवाऱ्यांसकट, करून दाखवतील. पडद्यावर संतोष दत्त यांनी ते काम केलं. पेशाने फौजदारी वकील. त्यानंतर राय यांनी पुस्तकांतल्या चित्रांत जटायूंचा चेहराच दत्तांसारखा काढायला सुरुवात केली. १९८८ साली दत्त गेले आणि राय यांनी स्वतः फेलूदावर पुन्हा सिनेमा केला नाही.

सुरुवात कुठून? 'सोनार केल्ला'. भेट कशी झाली ते कळल्याशिवाय मैत्री कशी कळणार?

निमाताई

गरियाहाट +१. जोधपूर-जेसलमेरचा प्रवास आणि जटायूंचे उंटाबद्दलचे प्रश्न वाचले नाहीत तर आयुष्य फुकट. उंट पोटात पाणी साठवतो असं हे कादंबरीत बिनधास्त लिहिणार, आणि फेलूदा शांतपणे सांगणार की पोटात नाही, मदारीत चरबी असते. यावर दुसरा कुणी लेखक रुसला असता. हे म्हणतात, पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करतो!

तिरकस

थोडं विरोधात बोलतो, जोडे तयार ठेवा.

मला जटायू हे पात्र थोडं अन्यायाचं वाटतं. राय उच्चभ्रू, जगभर मान असलेले दिग्दर्शक. जटायू कोण? भराभर खपणाऱ्या, 'दुर्धर्ष दुश्मन' छापाच्या कादंबऱ्या लिहिणारा माणूस. त्याचा भूगोल कच्चा, हिंदी कच्चं, धैर्य कच्चं. प्रत्येक पुस्तकात फेलूदा त्याची चूक काढणार आणि आपण हसणार. म्हणजे शिकलेल्याने लोकप्रियाची केलेली टिंगलच की. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. त्यांना कुणी असं पात्र करून दर पुस्तकात दुरुस्त केलं असतं तर आपण हसलो असतो का?

झुंजारभक्त

अर्नाळकरांचं नाव निघालं आणि मी आलो नाही असं होणार नाही!

तिरकसराव, मुद्दा वाजवी आहे पण निष्कर्ष चुकतोय. आमच्या अर्नाळकरांकडेही जोडी होती की, धनंजय आणि छोटू. छोटूच्या वात्रटपणामुळे ती पुस्तकं हातातून सुटायची नाहीत. माझे वडील गिरणीतून आले की आधी पुस्तक, मग चहा. फिरत्या वाचनालयाचा माणूस आठवड्याला पुस्तकं बदलायला यायचा आणि छोटू असलेलं पुस्तक कुणाकडे आहे याची चाळीत खबर असायची. विनोदी साथीदार हा स्वस्त कादंबऱ्यांचाच शोध म्हणा ना. राय यांनी तो तिथूनच उचलला आणि वर त्यालाच स्वस्त कादंबऱ्यांचा लेखक केलं. मला तर ही त्या लोकांना केलेली सलामी वाटते.

राघूमैना

@तिरकस, टिंगल असती तर राय यांनी स्वतःच्या पुस्तकाला जटायूंच्याच कादंबरीचं नाव दिलं असतं का? 'बोम्बाइयेर बोम्बेटे' हे आधी जटायूंच्या पुस्तकाचं नाव आहे, मग राय यांच्या. आणि हिंदी सिनेमाच्या गोष्टीला काय काय मसाला लागतो याचा सल्ला जटायूंना कोण देतं? फेलूदाच! म्हणजे तोही त्या धंद्यात भागीदार झाला.

घाटातला_बँकर

शेवटचा जो गाडीवरचा प्रसंग आहे, खंडाळा-लोणावळ्याकडचा, त्याबद्दल आम्हा रेल्वेवाल्यांचं दोन पैशांचं मत. सिनेमासाठी आगगाडी भाड्याने घेतलीय, बाजूने घोडे दौडतायत, डब्यात हाणामारी. वाचताना मजा येते. पण बोरघाटात चढ आहे ३७ला १, म्हणजे दर ३७ फुटांमागे एक फूट. कर्जतला गाडीच्या मागे बँकर इंजिनं जोडून ढकलत न्यावी लागते. तिथे गाडी इतकी निवांत चालते की घोडा कशाला, जटायूसुद्धा चालत जाऊन गाठतील.

चहाटळ

हसून हसून पुरेवाट! तरी ते मध्येच थांबून वडापाव खातील.

घाटातला_बँकर

वडापाव कर्जतचा. लोणावळ्याला चिक्की. शिस्त पाळा.

शमा_डोंबिवली

चिक्कीवरून भांडण सुरू व्हायच्या आत विचारते. माझी मुलगी दहाव्या वर्षी फेलूदा वाचून म्हणाली, "आई, यात बायका कुठे आहेत?" मला उत्तर देता आलं नाही, कारण जवळजवळ नाहीतच. राय यांच्या आजोबांनी १९१३ साली काढलेलं 'संदेश' हे मुलांचं मासिक राय यांनी पुन्हा सुरू केलं, फेलूदा आधी त्यात आला, म्हणून प्रेमबिम टाळलं हे समजू शकते. पण एखादी आत्या, एखादी मैत्रीण, एखादी चोरटी बाईसुद्धा नाही? धागाकर्तीने भाचीला आधीच सांगून ठेवावं. आणि हो, फेलूदा सारखा चारमिनार ओढतो. तेही विचारलं जातंच.

राघूमैना

@शमा, दोन्ही मुद्दे नोंदवले. चारमिनारचं तिच्या आजोबांना सांगू नका, ते लगेच आठवणी काढत बसतील.

वेरूळकर

माझा आयडी बघून ओळखलंच असेल. 'कैलाशे केलेंकारी' हे कुणीच का घेत नाही? महाराष्ट्रात घडणारी फेलूदाची सगळ्यात भारी गोष्ट ती आहे. सुरुवात भुवनेश्वरची, राजाराणी देवळातल्या यक्षीचं मस्तक चोरीला जातं, विमान कोसळतं, आणि माग काढत मंडळी वेरूळला येतात. कैलास लेणं म्हणजे १६ नंबर. वरून खाली खोदत आणलेलं, राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळातलं. रात्रीच्या अंधारात या लेण्यांत शिरायचं ही कल्पनाच अंगावर काटा आणते. मी लहानपणी संध्याकाळी बंद व्हायच्या वेळी तिथून धावत बाहेर आलेलो आहे. वटवाघळांचा वास आणि आपल्याच चपलांचा आवाज मागून येतो. त्यामुळे जटायूंची भीती मला विनोदी वाटतच नाही, ते आमच्या गावचे वाटतात!

अवांतर : बंगाली पर्यटक आले की त्यांच्यातला एक तरी काका फेलूदाच्या गोष्टीतली जागा शोधत असतो. आमचे गाइड आता स्वतःच विचारतात, "फेलूदा?"

गरियाहाट_मुक्काम

@वेरूळकर, जेसलमेरच्या किल्ल्यातही तेच. राय यांनी तिथे 'सोनार केल्ला' चित्रित केला (१९७४) आणि तेव्हापासून बंगाली माणूस राजस्थानला निघाला की जेसलमेर यादीत पहिलं. थंडी असो नसो, कानटोपी बरोबर.

दुपारची_झोप

कुणीतरी सांगा, मुंबईच्या गोष्टीत नेमका चोर कोण होता? वाचून फार वर्षं झाली. तो गोरे नावाचा निर्माता होता ना, तोच [मजकूर संपादित]

कट्टा_संपादक

रहस्यभेद टाळावा. धागा एका सातवीतल्या मुलीसाठी आहे.

चहाटळ

संपादकांनीच पुढचं वाक्य कापलं म्हणजे काहीतरी आहे हे सगळ्यांना कळलं. वा संपादक!

प्रतिभा_कु

मी या धाग्यावर उशिरा आले पण कुणीच मुख्य प्रसंगाचा उल्लेख केलेला नाही, म्हणून लिहिते. तिरकस यांचा प्रश्न तिथेच सुटतो.

'जय बाबा फेलूनाथ'. काशी. मगनलाल मेघराज नावाचा गब्बर व्यापारी. सिनेमात (१९७९) उत्पल दत्त. त्याच वर्षी हेच गृहस्थ 'गोलमाल'मध्ये मिशीच्या नावाने संतापत होते, इथे ते अंगावर येतात. मगनलाल तिघांना घरी बोलावतो, सरबत देतो. जटायूंना शंका, यात विष असेल का. इथपर्यंत विनोद चालू आहे, आपण हसतोय. मग मगनलाल एका म्हाताऱ्या सुरीफेक्याला बोलावतो आणि जटायूंना फळीसमोर उभं करून त्यांच्या अंगाभोवती सुऱ्या फेकायला लावतो. म्हाताऱ्याचं वय पाहता हात कधी चुकेल याचा भरवसा नाही. जटायू घामाने निथळतायत. आणि फेलूदा समोर बसलाय, काही करू शकत नाही.

मगनलाल फेलूदाला हात लावत नाही, तोपशेला लावत नाही. त्याला बरोबर कळतं की या हुशार माणसाला कुठे दुखेल. बाहेर आल्यावर फेलूदा म्हणतो की एक तर मी याचा बदला घेईन नाहीतर गुप्तहेरी सोडून देईन. सगळ्या मालिकेत इतका संतापलेला तो मला दुसरीकडे आठवत नाही. मूर्ती चोरीला गेली म्हणून नव्हे, मित्राची थट्टा झाली म्हणून.

म्हणजे जटायूंवर हसण्याचा हक्क फक्त फेलूदाचा (आणि आपला) आहे. परक्याने हसलेलं तो खपवून घेत नाही. टिंगल आणि मैत्री यांतला फरक याहून नीट कुणी दाखवला असेल तर सांगा.

निमाताई

दंडवत घ्या प्रतिभाताई. आज रात्री तो सिनेमा लावते.

तिरकस

प्रतिभाताई, प्रसंग जबरदस्तच आहे, मान्य. तरी माझा आक्षेप पूर्ण जात नाही. त्या प्रसंगातही जटायू फक्त सोसतात. त्यांना स्वतःला कधी जिंकू दिलंय का?

प्रतिभा_कु

दिलंय, पण त्यांच्या पद्धतीने. कुकरी, बूमरँग अशी अफाट शस्त्रं घेऊन ते फिरतात आणि अगदी अनपेक्षित वेळी त्यांतलं काही ना काही कामी येतं. धैर्य नसलेला माणूस दर वेळी तिकीट काढून बरोबर येतो, यालाच मी धैर्य म्हणते. फेलूदाला भीतीच वाटत नाही, मग त्याचं कौतुक किती करायचं?

मोडी_लिपी

इंग्रजीतलं उदाहरण देतो. अगाथा ख्रिस्तीच्या पॉयरो या गुप्तहेराला हेस्टिंग्ज हा मित्र होता, भाबडा, सज्जन, दर वेळी चुकीच्या माणसावर संशय घेणारा. दोघांचं जमलेलं. पण ख्रिस्तीबाईंना तो नकोसा झाला असावा. १९२३च्या कादंबरीत त्याचं सूत जुळवलं आणि पुढे लग्न करून थेट अर्जेंटिनाला धाडलं! अधूनमधून येतो बिचारा, आणि १९७५च्या शेवटच्या पुस्तकात परत. मधल्या बऱ्याच कादंबऱ्या कोडं म्हणून उत्तम, पण पॉयरोला चिडवणारं कुणी नाही. राय यांनी उलट केलं. मित्र उशिरा आणला आणि मग सोडलाच नाही. श्रीमंत झाल्यावर जटायू हिरवी अँबॅसडर घेतात आणि ती तिघांची गाडी होते. पैसा आला तरी मैत्री फिरत नाही, ही गोष्टही बघा.

शमा_डोंबिवली

आणि इतकी वर्षं झाली तरी ते एकमेकांना अहो-जाहोच करतात. लालमोहनबाबू आणि फेलूबाबू. आमच्या बाबांचे मित्र असेच होते. जन्मभर 'अहो देशपांडे, अहो कुलकर्णी', आणि एकमेकांच्या घरच्या प्रत्येक आजारपणात पहाटे दवाखान्यात हजर.

झुंजारभक्त

मराठीत अशी जोडी नाही का हो? धनंजय-छोटू सोडून. चिं. वि. जोशींचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ आठवतात, पण ते रहस्य सोडवत नाहीत, तयार करतात.

चहाटळ

गुंड्याभाऊंना सुरीफेक्यासमोर उभं करा. सुरी परत जाईल.

निमाताई

आणि भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा फास्टर फेणे? तो एकटाच सायकलवर धावतो, मित्र मागून दमत येतात. विनोद आहे, वेग आहे, पण ही अशी जोडी नाही.

मोडी_लिपी

मराठी धागा जोडायचाच तर जटायू स्वतः एकदा पुणेकर झालेत! दूरदर्शनवर १९८६च्या सुमारास संदीप राय यांचं 'किस्सा काठमांडू में' आलं होतं, हिंदीत. फेलूदा शशी कपूर आणि जटायू आपले डॉ. मोहन आगाशे. मगनलाल पुन्हा उत्पल दत्तच. ज्यात मगनलाल जटायूंना गुपचूप एलएसडी चारतो आणि त्यांना भलभलतं दिसायला लागतं, तीच ही काठमांडूची गोष्ट. आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ, आणि त्यांनाच भ्रम झालेल्या माणसाचं काम!

प्रतिभा_कु

शशी कपूर फेलूदा म्हणून जरा गुबगुबीत होते. आगाशे मात्र लक्षात राहिले. घाशीराममधला नाना बघितलेल्यांना तर हा तोच माणूस यावर विश्वास बसेना.

गरियाहाट_मुक्काम

हे इथे बंगाल्यांसमोर बोलू नका. शशी कपूरबद्दल सगळे सहमत होतील, पण संतोष दत्त सोडून कुणी जटायू असू शकतो हे ऐकून घेणार नाहीत.

वेरूळकर

चर्चा छान चालली आहे, पण मुलीला पुस्तक कुठलं द्यायचं ते ठरलं का? सुट्टी संपेल.

प्रतिभा_कु

माझं मत राघूमैनाला. 'बोम्बाइयेर बोम्बेटे'च द्या. कारण साधं आहे. विमानतळावर अनोळखी माणूस जटायूंच्या हातात पाकीट देतो, मुंबईत उतरल्यावर अमक्याला द्या म्हणतो, आणि हे भोळेपणाने "हो, त्यात काय!" म्हणतात. सातवीतल्या मुलीला त्याच क्षणी कळतं की हे करायचं नसतं. हिरोच्या मित्रापेक्षा आपण शहाण्या आहोत असं वाटलं की मूल पुस्तक सोडत नाही. पुढे लिफ्टमधलं प्रेत, तो गुलबहार अत्तराचा वास, सगळं तिला आपोआप ओढून नेईल. त्यातच तिला लालमोहनबाबू आवडले तर मागे जाऊन 'सोनार केल्ला' ती स्वतः मागेल.

तिरकस

यावर मात्र सहमत. आणि तिला एक प्रश्न जरूर विचारा, माझ्यातर्फे : जटायू तुला हास्यास्पद वाटतात की शूर? उत्तर इथे टाका. तिने "दोन्ही" म्हटलं तर मी वाद मागे घेणार नाही, पण चहा पाजीन.

घाटातला_बँकर

चहा लोणावळ्याला. बँकर सुटायला तिथे दोन मिनिटं गाडी थांबते, तेवढ्यात होतो.

राघूमैना

सगळ्यांचे आभार. अशोक जैन यांनी केलेले मराठी अनुवाद (रोहन प्रकाशन) आमच्या वाचनालयात आहेत, आजच विचारलं. पण मुंबईचं पुस्तक कुणीतरी नेलंय आणि परत केलेलं नाही. 'कैलास'वालं आहे. वेरूळकर, तुमचा वशिला लागला म्हणायचा. भाचीने मुखपृष्ठ बघून विचारलं, "यात तो लेखक आहे ना, मग चालेल," आणि घेऊन गेली.

दुपारची_झोप

छान. पण तो गोरे [मजकूर संपादित]